नाव शाळेचं की बाईंचं?

मार्च उजाडला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं एकाच विषयावरची असतात. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची सेमी इंग्रजीची शाळा निवडायची आहे, पण जवळपास अशा दोन-तीन आहेत, त्यातली कोणती? सातारा जिल्ह्यात मी आधी शिक्षिका होते आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारी. जे वर्गात बसून पाहिलं, त्याच्याच आधाराने उत्तरं देते. यंदा चार पत्रं निवडली आहेत.

*

नमस्कार बाई,
माझी मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. आमच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ४२, शिक्षक दोन. चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जिल्हा परिषदेचीच सातवीपर्यंतची शाळा आहे. दोन्हीकडे सेमी आहे, पण मोठ्या गावातल्या शाळेचं तालुक्यात नाव आहे. वस्तीवरची बरीच मुलं व्हॅनने तिकडे जातात. माझ्या जावेची मुलंही तिथेच आहेत. ती म्हणते, "इथल्या शाळेत घालून पोरीचं नुकसान करू नकोस." बचत गटात विचारलं, व्हॉट्सअॅपवर विचारलं, तर जो तो वेगळंच सांगतो. दोन शाळांची तुलना करायची तरी कशी?
– एक आई, कराड तालुका

ताई, जावेचं म्हणणं उडवून लावू नका. तिची मुलं रोज त्या शाळेत जातात, तेव्हा तिच्याकडे पक्की माहिती आहे. फक्त "शाळा कशी आहे?" असं विचाराल तर "छान आहे" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी असं विचारा: धाकट्याला वर्गशिक्षक कोण आहे? किती वर्षांपासून आहे? या वर्षात मध्येच वर्ग बदलून दिला का? गणिताचा गृहपाठ तो एकटा करतो, की तुला बसावं लागतं? या चार प्रश्नांची उत्तरं बचत गटातल्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त सांगून जातील.

शाळेचं नाव कशाने होतं, ते मी नोकरीभर पाहत आले. शिष्यवृत्तीच्या निकालाचा फ्लेक्स, स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीने इंग्रजीतून केलेलं सूत्रसंचालन, टाय आणि बेल्ट, रंगवलेल्या बोलक्या भिंती, "इंग्रजी माध्यमातून इतकी मुलं परत आली" अशी पेपरातली बातमी. यातलं काही खोटं नसतं. त्यामागे कुणीतरी जीव ओतलेला असतो. पण ते काम झालेलं असतं मागे कधीतरी, आणि आपण प्रवेश घेणार असतो येत्या जूनचा. मधल्या काळात तो जीव ओतणारा माणूस बदलून गेलेला असू शकतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि हल्ली त्या ऑनलाइन होतात. कोण कुठे जाईल, हे शाळेच्या हातात नसतं. लोकांच्या तोंडी मात्र नाव शाळेचंच राहतं. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. एका छोट्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा राज्यभर गाजली आणि लांबलांबचे पालक प्रवेशासाठी धडपडू लागले. ते नाव ज्यांच्या काळात झालं, ते दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. ती तर अगदी बंद पडायला आलेली शाळा. २०२५ साली त्याच जालिंदरनगरच्या शाळेला जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. सगळं एकट्या गुरुजींनीच केलं, असं मी म्हणत नाही. वाबळेवाडीच्या गावकऱ्यांनी शाळेसाठी जे केलं, ते फार थोडी गावं करतात. पण फक्त नावावर विसंबून एखाद्या पालकाने जालिंदरनगर आधीच बाद केलं असतं, तर त्याच्या मुलाचं काय गेलं असतं, ते बघा.

म्हणून दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा. "जूनमध्ये पहिलीचा वर्ग कुणाकडे असेल, आणि त्यांची बदली यंदा होण्यासारखी आहे का?" नक्की उत्तर कुणीच देऊ शकणार नाही, पण बदलीला कोण पात्र आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक असतं.

आता सेमीबद्दल. पाटीवर 'सेमी इंग्रजी' लिहिलं म्हणजे आत काय चालतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून, असा आपला सेमीचा अर्थ. पहिली-दुसरीत विज्ञान नावाचा वेगळा विषयच नसतो, त्यामुळे लहान वर्गांत सेमी म्हणजे फक्त गणित. तेव्हा शाळेत गेल्यावर दुसरीच्या एखाद्या मुलाचं गणिताचं पुस्तक मागा. ते इंग्रजी आहे का? मग त्याची वही बघा. पुस्तक इंग्रजी आणि वही मराठी, किंवा पुस्तक इंग्रजी पण दप्तरात कोरं करकरीत, असंही मी पाहिलं आहे. तुम्हाला स्वतःला आधी चाळायचं असेल, तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घ्या.

वही बघताना आणखी एक. वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या एकाच दिवसाच्या पानावर उघडा. पाचही वह्यांत तीच गणितं, तशीच, सगळी बरोबर, एकही खाडाखोड नाही, असं असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. पालक अशा वह्या बघून खूश होतात. मला त्या बघून काळजी वाटायची. ज्या वहीत चूक आहे, बाईंनी चुकीच्या जागी खूण केली आहे आणि खाली मुलाने पुन्हा करून बघितलं आहे, त्या वर्गात शिकवणं चालू आहे.

जमलं तर दुसरी-तिसरीचा गणिताचा एक तास बघायची परवानगी घ्या. साधा वार निवडा. पंधरा ऑगस्टला किंवा मेळाव्याच्या दिवशी सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. काय बघायचं, ते एका प्रसंगावरून सांगते. माझ्या केंद्रातल्या एका वाडीवरच्या शाळेत दुसरीचा वर्ग चालू होता. त्रेपन्नातून अठ्ठावीस वजा करायचे होते. मुलांपुढे आइसक्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्ट्या काड्या होत्या. एका मुलीने सुट्ट्या तीनच आहेत हे बघितलं, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, "बाई, गठ्ठा सोडला." बाई म्हणाल्या, "येस, यू ओपन्ड वन टेन. नाऊ हाऊ मेनी वन्स?" पोरीने मोजलं, "तेरा." बाई म्हणाल्या, "थर्टीन." मुलीने "थर्टीन" म्हणून पाटीवर लिहिलं. मुलगी मराठीत विचार करत होती, बाई तिच्या प्रत्येक पावलाला इंग्रजी शब्द देत होत्या, आणि गणित कुठेही अडलं नाही. पाटीवरचं उत्तर पंचवीस आलं, तेव्हा तिने ते दोन्ही भाषांत सांगितलं.

तालुक्यात बोलबाला असलेल्या दुसऱ्या एका शाळेत तेच गणित मुलं खणखणीत आवाजात सुरात म्हणत होती, "बॉरो वन फ्रॉम द टेन्स प्लेस." ऐकायला फार गोड. मी एका मुलाच्या हातात काड्या दिल्या आणि म्हटलं, हे मला करून दाखव. त्याने बाईंकडे बघितलं. काड्यांना त्याने हातच लावला नाही. बाहेर व्हरांड्यात त्याचे वडील उभे होते, आणि वर्गातला तो आवाज ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता! त्या वडिलांना मी अजिबात दोष देत नाही. ते स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेले. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. मुलाच्या तोंडून इंग्रजी वाक्य ऐकलं की त्या पिढीला भरून येतं. पण तुलना करताना कानांपेक्षा मुलाच्या हाताकडे बघा.

आकड्यांचाही घोळ बघून घ्या. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, आणि इंग्रजीत वीस आधी. सेमीच्या वर्गात पोरं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. यात घाबरण्यासारखं काही नाही, ते होणारच. वर्गशिक्षक त्यावर काय करतात, तेवढं विचारा. ज्या शिक्षकाने हे सांभाळलेलं असतं, तो तुम्हाला लगेच हाताने करून दाखवतो. ज्याने नाही, तो म्हणतो, "हळूहळू जमतं."

आणि मराठी वाचन. सेमीची शाळा बघायला आलेले पालक मराठीकडे ढुंकून बघत नाहीत. माझा अनुभव असा, की ज्या मुलाचं दुसरीअखेर मराठी वाचन सरळ चालतं, त्याला इंग्रजी गणिताचं पुस्तक तिसरी-चौथीत फारसं जड जात नाही. मराठीच अडखळत असेल, तर इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण त्याच्यासाठी नुसती अक्षरं राहतात. 'प्रथम' संस्थेची 'असर'ची पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते आणि हातच्याची वजाबाकी घालते. तेवढंच तुम्ही करा. तिसरीतलं एक मूल निवडा, पुढच्या ओळीतलं नको, आणि त्याला दुसरीचा मराठी धडा वाचायला द्या. मग इंग्रजी पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण दाखवून म्हणा, "यात काय सांगितलंय ते मला मराठीत सांग." उत्तर काढायला लावू नका. उदाहरण सांगता आलं, तरी पुरे.

वस्तीवरच्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, म्हणून तुमची जाऊ नाराज असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, त्यामुळे ४२ मुलांना दोन हे नियमातच बसतं. चार वर्ग दोघांनी सांभाळायचे, ही अडचण खरी आहे. पण तिथेही बघण्यासारखी एकच गोष्ट आहे. बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं काय करतात? त्यांच्यापुढे काही काम आहे, की ती खिडकीतून बाहेर बघत बसली आहेत? मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक दिसतील, पण त्यातला एखादा मतदार यादीच्या कामावर, एखादा पंचायत समितीच्या बैठकीला. पटाचे आणि शिक्षकांचे आकडे तुम्हाला घरबसल्या बघता येतात. प्रत्येक शाळेला यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीचा, अकरा अंकी क्रमांक असतो, आपल्या राज्यात तो २७ ने सुरू होतो. यू-डायसच्या संकेतस्थळावर तो घातला की शाळेचं अहवाल पत्रक उघडतं.

आता तुमच्यापुरतं सांगते. पोरगी सहा वर्षांची आहे. चार किलोमीटर व्हॅन म्हणजे सकाळी घाई, संध्याकाळी दमणूक, आणि पावसाळ्यात तुमच्या जिवाला घोर. कायद्यानेही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ती उगाच नाही. वस्तीवरच्या शाळेत गणिताचा तास आणि मराठी वाचन तुम्हाला बरं दिसलं, तर मी असते तर मुलीला तिथेच घातलं असतं, आणि मोठ्या गावातली शाळा पाचवीसाठी ठेवली असती. वस्तीवरच्या शाळेतलं सगळं डावंच दिसलं, तर व्हॅन परवडली. पण जाऊन बघितल्याशिवाय ठरवू नका.

*

बाई,
आम्ही पिंपरीत राहतो. घराजवळ महापालिकेची सेमीची शाळा आहे. तिथल्या शिक्षिका मनापासून शिकवतात, असं ऐकते. पण सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, तिथे वस्तीतली, मजुरांची मुलं जास्त, भाषा बिघडेल. त्यांनी लांबच्या एका दुसऱ्या सरकारी शाळेचं नाव सुचवलं, तिथे "चांगल्या घरातली" मुलं येतात म्हणे. तिथे गेलो तर माझ्या मुलाची मुलाखत घेतली, इंग्रजीत नाव आणि रंग विचारले, आणि "कळवतो" म्हणाले. काय करू?
– पिंपरी

मुलाखतीचं आधी. पहिलीच्या मुलाची किंवा त्याच्या पालकांची चाचणी घेऊन प्रवेश ठरवणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे चालत नाही. शाळा सरकारी असो की खासगी. लेखी विचारा, "प्रवेश कोणत्या निकषावर नाकारला?" बहुतेक वेळा पत्र दिल्यावर जागा निघते. नाही निघाली तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज द्या, त्यावर पोच घ्या.

पण खरं सांगू का, ज्या शाळेने सहा वर्षांच्या पोराला रंग इंग्रजीत विचारून ताटकळत ठेवलं, तिथे तुम्ही घाई करावी असं मला वाटत नाही.

आता "चांगल्या घरातली मुलं". हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. शाळेची पत ठरवताना पालक शिक्षणाबद्दल बोलतात असं वाटतं, पण बऱ्याचदा ते पोरांच्या आईबापांबद्दल बोलत असतात. एखाद्या शाळेत रिक्षावाले, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया यांची मुलं वाढली, की दोन वर्षांत तिचं नाव उतरतं. तिथल्या बाई त्याच असतात, शिकवणं तेच असतं. मग बाकीचे पालक पोरं काढून घेतात, पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि मग शाळा खरोखरच कमजोर होते. हे मी एका शाळेच्या बाबतीत अगदी जवळून पाहिलं आहे. तिथे शिकवण्यात काहीही कमी नव्हतं.

पिंपरीसारख्या ठिकाणी वर्गात कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या बंजारा बोली असते. त्या मुलांसाठी मराठीच नवी भाषा, आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची. दोन भाषांतून शिकवणारी शाळा कशी आहे हे कळायला याहून चांगली संधी नाही. वर्गात जाऊन त्या मुलांकडे बघा. ज्या मुलाला मराठी नीट येत नाही, त्याच्याशी बाई कसं बोलतात? तो आपल्या भाषेत उत्तर देतो तेव्हा बाकीची पोरं हसतात का, आणि हसली तर बाई काय करतात? आमच्याकडे कारखान्याच्या हंगामात बीडकडून ऊसतोड कामगारांची मुलं यायची. एका शाळेतल्या गुरुजींनी त्यातल्या एका मुलाला ऊस मोजायला सांगितला, मोळ्या आणि सुट्टी कांडकी करून. तो दशक-एकक इतका झटकन मांडायचा, की गावातली मुलं त्याच्या शेजारी बसायला भांडायची. ज्या गुरुजींना त्या मुलाला असं पुढे आणता येतं, त्यांना तुमच्या मुलाची अडचणही कळेल.

आणि भाषा बिघडण्याचं म्हणाल, तर घरात तुम्ही त्याच्याशी बोलता, त्याला गोष्टी वाचून दाखवता. ती भाषा वर्गातल्या चार शब्दांनी जात नाही. उलट त्याला हिंदी फुकटात येईल.

*

आदरणीय बाई,
नातवासाठी शाळा बघतो आहे. एका शाळेच्या दारावर शिष्यवृत्तीधारक १४ विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, दुसरीच्या दारावर तीन. हा फरक मोठा मानावा का?
– निवृत्त कर्मचारी, वाई

नमस्कार. फोटोतल्या मुलांचं कौतुक आहेच. ती परीक्षा सोपी नाही. पहिल्या पेपरला भाषा आणि गणित, दुसऱ्याला इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, मिळून ३०० गुण. त्यातलं बुद्धिमत्तेचं पोरांकडून करून घ्यायला शिक्षक सुट्टीच्या दिवशीही जादा तास घेतात, हे मला माहीत आहे.

फक्त फ्लेक्सवर नसलेले दोन आकडे विचारा. वर्गात मुलं किती होती, आणि परीक्षेला किती बसवली? साठ मुलांतून वीस निवडून बसवली आणि चौदा आली, हे एक. अकराच्या वर्गातली अकराही बसली आणि तीन आली, हे दुसरं. मला दुसरी शाळा जास्त आवडेल. फोटोतली मुलं बाहेरच्या क्लासला जात होती का, हेही गावात सहज कळतं. आणि नातू आत्ता पहिलीला जाणार आहे. त्याच्या पहिल्या तीन वर्षांत कोण शिकवणार, याचा अंदाज त्या फ्लेक्सवरून येत नाही. शिष्यवृत्तीच्या वर्गाचे शिक्षक बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि शाळेतला सगळ्यात जाणता शिक्षक पहिलीला देणारे मुख्याध्यापक मी थोडेच पाहिले. जे देतात, त्यांच्या शाळेत नातवाला डोळे झाकून घाला.

*

बाई,
आमच्या गावच्या शाळेचं नाव गेल्या पाच-सहा वर्षांत खूप झालं. आमच्या एका बाईंनी पहिलीपासून सेमी सुरू केलं, खासगी इंग्रजी शाळेतून मुलं परत आणली. आता त्यांची बदली झाली. गावात दोन गट पडले आहेत. एक म्हणतो शाळेला टाळं ठोकायचं, बाई परत येईपर्यंत मुलं पाठवायची नाहीत. दुसरा म्हणतो आता शाळेत काही राम नाही, दाखले काढून घ्या. मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. माझी दोन मुलं तिथेच आहेत.
– पाटण तालुका

दादा, तुमच्या बाईंना मी ओळखत नाही, पण डोंगरी भागातल्या शाळेत त्यांनी किती कष्ट घेतले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे. गाव त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरायला तयार आहे, यातच सगळं आलं. तरीही टाळं ठोकू नका. बदली रद्द होण्याची शक्यता कमी, आणि बंद शाळेचे ते दिवस पहिली-दुसरीच्या पोरांना फार महाग पडतात. त्या वयात वाचन सुटलं, की पुन्हा पहिल्यापासून. दाखले काढण्याची घाई तर नकोच. तुम्ही आत्ता दहा मुलं काढलीत, की पट कमी दिसणार, एक पद कमी होणार, आणि जे तुम्हाला टाळायचं आहे तेच घडणार.

बाई कार्यमुक्त व्हायच्या आत त्यांना एक दिवस मागून घ्या. समितीने बसून त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. कोणतं मूल वाचनात कुठे आहे, कोणाला गणितात काय अडतं, सेमीच्या गणितासाठी त्यांनी कोणती साधनं बनवली आणि ती कुठल्या कपाटात आहेत, आठवड्याचं वेळापत्रक कसं होतं, पालकांना घरी काय करायला सांगत होत्या. एक जाडजूड वही होईल. नवीन येणाऱ्या शिक्षकाच्या हातात ती पहिल्याच दिवशी द्यायची, आणि प्रेमाने द्यायची. "आधीच्या बाई असं करायच्या" हे वाक्य नव्या शिक्षकाला रोज ऐकवलं, तर तो महिन्याभरात मिटून जातो. मी अशी चांगली माणसं कोमेजलेली पाहिली आहेत.

दुसरं, सेमीचं. सेमी सुरू करणारी व्यक्ती गेली, की काही ठिकाणी ते गुपचूप बंद पडतं. पाटी तशीच राहते आणि आत गणित मराठीतून सुरू होतं. तुमच्या समितीला अधिकार आहेत, ते वापरा. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळा विकास आराखडा करायचं कामही समितीचंच आहे. पुढच्या सभेत ठराव घ्या, की सेमी चालू राहील आणि त्यासाठी गणित इंग्रजीतून शिकवू शकेल असा शिक्षक हवा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्या, चार आया सोबत घेऊन. आया गेल्या की साहेब खुर्चीतून उठून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

येणारे शिक्षक इंग्रजीत कच्चे निघाले, तर काय? वर्षभर गणित मराठीतून नीट झालं, तर मुलांचं काही जात नाही. इंग्रजी शब्द पुढे सहा महिन्यांत भरून काढता येतात. अर्धवट इंग्रजीत रेटलेलं गणित मात्र पाचवी-सहावीपर्यंत सतावतं. तेव्हा नव्या शिक्षकाला जुलैतच सांगा, की पोरांना आधी समजू द्या, शब्द नंतर घाला, आम्ही त्यावरून तुमच्याशी भांडणार नाही. गावातले जे दाखला मागायला निघाले आहेत, त्यांनाही हेच सांगा, आणि दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. सहामाही झाल्यावर वर बाकीच्यांना सांगितलं तसं पाच वह्या उघडून बघा आणि मागच्या ओळीतल्या दोन मुलांना वाचायला लावा. ते बघून जो दाखला काढायचं ठरवेल, त्याला मी अडवणार नाही.